भारित बहुवारिकांचे लिपिड पुटिकांवरील अधिशोषण

भारित बहुवारिकांचे लिपिड पुटिकांवरील अधिशोषण ही कलिल रसायनशास्त्र आणि जैवभौतिकी या दोन्ही शाखांत अभ्यासली जाणारी घटना आहे. काही दीर्घरेणू पाण्यात विरघळले की त्यांच्या साखळीवर एकाच चिन्हाचे असंख्य विद्युत् भार उघडे पडतात. अशा रेणूंना भारित बहुवारिके अथवा पॉलिइलेक्ट्रोलाइट म्हणतात. लिपिड पुटिका म्हणजे मेदरेणूंच्या दुहेरी थराने बनलेले, आत पाणी असलेले सूक्ष्म पोकळ गोलक. साखळीवरील आणि पुटिकेवरील भार परस्परविरुद्ध असतील, तर साखळ्या पुटिकेच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि पृष्ठभागावर त्यांचा पातळ थर तयार होतो.

विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, या शालेय नियमाने ही घटना पूर्णपणे समजत नाही. पुटिकेवरील भार शून्य झाल्यावरही साखळ्या चिकटतच राहतात आणि पुटिकेचा भार उलट चिन्हाचा होतो. भार शून्याच्या आसपास असताना पुटिका एकमेकींना चिकटून मोठे पुंज बनवतात, पण आणखी साखळ्या घातल्यास हे पुंज पुन्हा दिसेनासे होतात. अनेक प्रणालींत तर चिकटताना उष्णता बाहेर पडत नाही, उलट शोषली जाते. जनुके व औषधे पेशीपर्यंत नेणाऱ्या वाहकांची रचना याच वर्तनावर अवलंबून असल्याने त्याचा अभ्यास केवळ सैद्धांतिक राहिलेला नाही.

घटक

लिपिड रेणूला पाण्याकडे ओढले जाणारे डोके आणि पाणी टाळणाऱ्या, बहुधा दोन, शेपट्या असतात. पाण्यात असे रेणू शेपट्यांना शेपट्या लावून दुहेरी थर रचतात. हा द्विस्तर सुमारे ४ ते ५ नॅनोमीटर जाड असतो आणि कडा उघड्या राहू नयेत म्हणून तो स्वतःवर मिटून गोलक बनवतो. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे अ‍ॅलेक बँगहॅम आणि आर. डब्ल्यू. हॉर्न यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या अशा रचनांचे वर्णन १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांना लायपोसोम हे नाव रूढ झाले. प्रयोगशाळेत १०० नॅनोमीटर व्यासाच्या छिद्रांच्या चाळणीतून लिपिडचे मिश्रण वारंवार दाबून काढले की जवळजवळ एकसारख्या आकाराच्या पुटिका मिळतात.

पुटिकेवरील भार लिपिडच्या डोक्यावरून ठरतो. फॉस्फॅटिडिलसेरीन व फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल यांची डोकी ऋणभारित असतात. फॉस्फॅटिडिलकोलीनच्या डोक्यावर एक धन व एक ऋण भार असल्याने ते एकूण उदासीन असते. धनभारित लिपिडे निसर्गात क्वचितच आढळतात. प्रयोगांत सर्वाधिक वापरले जाणारे डोटॅप हे लिपिड कृत्रिम असून त्याच्या प्रत्येक रेणूवर एक कायम धनभार असतो.

बहुवारिकांमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, डीएनए, आरएनए व हेपरिन ही ऋणभारित, तर पॉलिलायसिन व कायटोसान ही धनभारित उदाहरणे आहेत. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतील कायटिनपासून मिळणाऱ्या कायटोसानवरील भार आम्लतेप्रमाणे बदलतो. सुमारे ६.५ पेक्षा कमी पीएचला त्याचे बहुतेक अमाइन गट धनभारित होतात, तर त्याहून जास्त पीएचला भार ओसरू लागतो.

संख्यांचा अंदाज घेण्यासाठी केवळ डोटॅपची, १०० नॅनोमीटर व्यासाची एक पुटिका घेता येईल. तिचे बाह्य क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौरस नॅनोमीटर भरते. एका लिपिड रेणूला ०.७ चौरस नॅनोमीटर जागा लागते असे धरले, तर बाहेरच्या थरात ४५,००० च्या आसपास धनभार असतात. ६०,००० रेणुभाराच्या सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटच्या साखळीत सुमारे ६४० घटक, म्हणजे तितकेच ऋणभार असतात आणि ती पूर्ण ताणल्यास १६० नॅनोमीटर लांब होते. म्हणजे बाहेरचा सर्व भार उदासीन करण्यास सत्तरेक साखळ्या पुरतात. आतल्या थरातील भार मात्र साखळीच्या आवाक्याबाहेर असतात. त्यामुळे एकूण लिपिडच्या हिशेबाने काढलेले भारांचे गुणोत्तर आणि पृष्ठभाराचे खरे गुणोत्तर यांत जवळपास दुपटीचा फरक पडतो. जुने निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहताना ही बाब अनेकदा निसटते.

प्रति-आयनांची मुक्तता

भारित साखळी पाण्यात कधीच एकटी नसते. तिच्यावरील भारांइतकेच विरुद्ध भाराचे लहान आयन द्रावणात असतात. त्यांना प्रति-आयन म्हणतात. पॉलिअ‍ॅक्रिलेटभोवती ते सोडियमचे, तर डोटॅपच्या पुटिकेभोवती बहुधा क्लोराइडचे असतात. गेराल्ड मॅनिंग यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की साखळीवरील भार फार दाटीने असतील तर काही प्रति-आयन दूर जाऊच शकत नाहीत आणि साखळीलगत अडकून राहतात. येथे निर्णायक ठरते ती ब्येरुम लांबी. दोन एकक भारांमधील विद्युत् ऊर्जा आणि उष्णतेमुळे होणाऱ्या हालचालीची ऊर्जा ज्या अंतरावर समान होतात, ते हे अंतर. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ते सुमारे ०.७ नॅनोमीटर असते. डीएनएवर सरासरी दर ०.१७ नॅनोमीटरला एक भार असतो. त्यामुळे मॅनिंग यांच्या गणितानुसार त्याचा सुमारे ७६ टक्के भार अडकलेल्या प्रति-आयनांनी झाकला जातो. पॉलिअ‍ॅक्रिलेटमध्ये हे अंतर ०.२५ नॅनोमीटर असून झाकलेला भाग सुमारे ६४ टक्के येतो. दाट भारित पुटिकेच्या पृष्ठभागालगतही प्रति-आयनांची अशीच गर्दी असते.

साखळी पुटिकेवर टेकते तेव्हा त्या दोहोंचे भार एकमेकांचे प्रति-आयन बनतात. अडकलेल्या लहान आयनांची गरज उरत नाही, ते द्रावणात मोकळे सुटतात आणि प्रणालीची एंट्रॉपी वाढते. एक लांब साखळी जागेवर बांधली गेल्याने एंट्रॉपी घटते खरी, पण तिच्या बदल्यात शेकडो आयन मुक्त होतात. अधिशोषण घडवून आणण्यात या देवघेवीचा वाटा मोठा असतो. १९९७ नंतर धनभारित लिपिड आणि डीएनए यांच्या संयुगांचा कसून अभ्यास झाला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या विद्युत् संवाहकतेच्या मोजमापांत, दोन्हीकडील भार समसमान असताना जवळजवळ सर्व प्रति-आयन द्रावणात सुटत असल्याचे दिसून आले. डोटॅप व डीएनए यांच्या मिश्रणाचे उष्णतामापनही हेच सुचवते. तेथे मिसळताना उष्णता शोषली जाते. निव्वळ विद्युत् आकर्षण हे कारण असते, तर उष्णता बाहेर पडायला हवी होती.

द्रावणातील लवण वाढवले की अधिशोषण का दुबळे होते, याचेही उत्तर यात मिळते. बाहेर आधीच आयनांची गर्दी असल्यास मुक्त होणाऱ्या आयनांच्या वाट्याला येणारी एंट्रॉपी कमी होते. शिवाय लवणामुळे भारांचा परस्परप्रभाव झाकला जातो. हा प्रभाव किती दूर पोहोचतो ते डिबाय लांबी सांगते. ०.००१ मोलर मिठाच्या पाण्यात ती सुमारे १० नॅनोमीटर असते, तर शरीरातील द्रवांच्या जवळ जाणाऱ्या ०.१५ मोलर द्रावणात केवळ ०.८ नॅनोमीटर उरते. लवचीक साखळी विरुद्धभारित सपाट पृष्ठावर चिकटण्यासाठी पृष्ठभाराची घनता एका किमान उंबरठ्याच्या वर असावी लागते, असे एफ. डब्ल्यू. विगेल यांनी १९७७ मध्ये व एम. मुथुकुमार यांनी १९८७ मध्ये सिद्धांताने दाखवले. लवणाबरोबर हा उंबरठा झपाट्याने वर जातो. लहान गोलकावर तो आणखी उंच असतो, कारण तेथे साखळीला वाकण्याची किंमत मोजावी लागते.

भाराची उलटापालट

पुटिका जेमतेम उदासीन झाल्यावर पुढच्या साखळीला आकर्षणाचे कारण उरू नये, असे वाटते. प्रयोग मात्र वेगळे दाखवतात. डोटॅपच्या पुटिकांत पॉलिअ‍ॅक्रिलेट थोडे थोडे घालत गेल्यास विद्युत् क्षेत्रात पुटिका ज्या दिशेने सरकतात ती दिशा एका टप्प्यावर उलटते. तिच्या वेगावरून काढला जाणारा झीटा विभव धनाकडून शून्यावर येतो आणि तेथे न थांबता ऋण होतो. यालाच भाराची उलटापालट अथवा अतिभारण म्हणतात.

ए. ग्रॉसबर्ग, टी. न्गुयेन आणि बी. श्क्लोव्स्की यांनी २००२ मध्ये या घटनेच्या भौतिकीचा विस्तृत आढावा घेतला. पृष्ठावर पसरलेल्या साखळ्यांमध्ये परस्पर प्रतिकर्षण असते, त्यामुळे त्या अस्ताव्यस्त न पडता एकमेकींपासून अंतर राखून मांडल्या जातात. नवी साखळी उतरते तेव्हा शेजारच्या साखळ्या सरकून तिला जागा करून देतात. म्हणून तिला जाणवणारा भार हा पृष्ठाचा सरासरी भार नसतो. तिच्या लगतच्या मोकळ्या भागाचा विरुद्ध भार तिला ओढून घेतो. सरासरी भार शून्य असलेल्या पृष्ठालाही साखळी चिकटू शकते ती यामुळे. सरासरी विभव धरून चालणाऱ्या जुन्या सिद्धांतांत ही गोष्ट बसत नव्हती.

अतिभारणाचा सर्वात परिचित उपयोग पुटिकांबाहेरचा आहे. गेरो डेशर यांनी १९९० च्या दशकात घडवलेल्या थरावर थर पद्धतीत एकाच पृष्ठावर आळीपाळीने धन व ऋण बहुवारिके बसवली जातात. प्रत्येक थरानंतर पृष्ठाचा भार उलटला नाही, तर पुढचा थर बसणारच नाही.

पुंजनिर्मिती आणि पुनर्विलय

उदासीनतेच्या बिंदूजवळ पुटिकांमधील प्रतिकर्षण क्षीण होते आणि त्या एकत्र येऊ लागतात. मूळची ८० ते १०० नॅनोमीटरची पुटिका शेकडो नॅनोमीटरच्या पुंजाचा भाग बनते. बिंदूच्या अगदी जवळ मिश्रण गढूळ होऊन साका बसतो. बहुवारिकाचे प्रमाण आणखी वाढवल्यास पुंज लहान होत जातात आणि शेवटी एकेकट्या, पण आता उलट भाराच्या पुटिका उरतात. या वर्तनाला पुनरागमी संघनन म्हणतात.

रोममधील सापिएन्झा विद्यापीठातील फेदेरिको बोर्दी, चेझारे कामेत्ती, सिमोना सेन्नातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोटॅप व पॉलिअ‍ॅक्रिलेट यांच्या जोडीवर या विषयातील सर्वात सलग काम केले. २००५ मध्ये त्यांनी नोंदवले की उदासीनतेच्या बिंदूपासून थोडे दूर तयार होणारे पुंज ठरावीक आकाराला पोहोचून दीर्घकाळ तसेच राहतात. हे नेहमीच्या कलिलांपेक्षा वेगळे आहे. नेहमीचे कलिल एकदा गोठू लागले की सर्व कण एकत्र येईपर्यंत गोठतच जाते.

पुंजांच्या या थांबण्याचे स्पष्टीकरण ठिपक्यांच्या आकर्षणाने दिले जाते. साखळ्या अंतर राखून चिकटल्यामुळे पुटिकेचा पृष्ठ ठिपकेदार होतो, साखळीच्या जागी ऋण आणि मोकळ्या जागी धन. दोन पुटिका जवळ आल्यावर एकीचा ऋण ठिपका दुसरीच्या धन ठिपक्यासमोर येऊ शकतो. हे आकर्षण फार जवळच्या अंतरावर चालते, तर उरलेल्या एकूण भाराचे प्रतिकर्षण अधिक दूरवर पोहोचते. डी. वेलेगोल आणि पी. थ्वार यांनी २००१ मध्ये असमान भारवितरणाच्या कणांसाठी मांडलेल्या प्रतिमानानुसार कण मोठे होत जातात तसा त्यांना एकत्र येण्यातील ऊर्जेचा अडसरही उंचावतो. एका मर्यादेनंतर उष्णतेची हालचाल तो ओलांडू शकत नाही आणि वाढ थांबते. तापमान वाढवल्यास पुंज अधिक मोठे होतात, हे रोमच्या गटाचे निरीक्षण या चित्राशी जुळते.

पुंजातील पुटिका फुटतात की शाबूत राहतात, हा प्रश्न औषधवहनाच्या दृष्टीने कळीचा होता. याच गटाने पुटिकांच्या आत सीझियम क्लोराइडचे द्रावण भरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पुंज तपासले. जड असल्याने सीझियम स्पष्ट दिसते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात पुटिकांनी आपापला ऐवज आतच राखल्याचे आढळले. म्हणजे असा पुंज अनेक बंद कप्प्यांचा असतो.

द्रव पटलाचा सहभाग

काचेचा किंवा लाटेक्सचा कण आणि पुटिका यांत मूलभूत फरक आहे. काचेवरील भार जागच्या जागी खिळलेले असतात, पटलातील लिपिड मात्र थरात वाहतात. द्रव अवस्थेतील द्विस्तरात लिपिडचा विसरणांक सेकंदाला काही चौरस मायक्रोमीटर असतो. १०० नॅनोमीटरच्या पुटिकेची एक बाजू सोडून दुसऱ्या बाजूला जाण्यास रेणूला काही मिलिसेकंद पुरतात. त्यामुळे भारित व उदासीन लिपिडांच्या मिश्र पटलावर साखळी उतरली की भारित लिपिडे तिच्याखाली गोळा होतात. पृष्ठाची सरासरी भारघनता उंबरठ्याखाली असूनही अधिशोषण होऊ शकते, ते यामुळे. भारित रेणू एका जागी जमवण्यात मिश्रणाची एंट्रॉपी खर्ची पडते, त्यामुळे ही गर्दी अमर्याद होत नाही.

बाहेरून आतल्या थरात किंवा उलट दिशेने उडी मारणे लिपिडला सहसा फार कठीण असते आणि त्याला तासांपासून दिवसांपर्यंत वेळ लागतो. चिकटलेली साखळी हा वेग वाढवू शकते. मॉस्को विद्यापीठातील ए. यारोस्लावोव्ह व सहकाऱ्यांनी ऋणभारित पुटिकांवर धनभारित पॉलिव्हिनाइलपिरिडिनियम साखळ्या बसवून हे दाखवले. पटल द्रव असेल तर आतील ऋण लिपिडे बाहेर ओढली जातात. द्रावणात लवण घातले, किंवा पुटिकेशी स्पर्धा करणारे दुसरे ऋणभारित बहुवारिक घातले, तर साखळ्या सुटतात आणि पुटिका पूर्ववत होते. पटल घट्ट जेल अवस्थेत असेल तर अशी देवाणघेवाण होत नाही.

काही जोड्यांत पुटिका टिकतच नाही. डीएनए हे त्याचे ठळक उदाहरण. १९८७ मध्ये फिलिप फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी धनभारित लिपिडांच्या पुटिकांच्या साहाय्याने डीएनए पेशींत शिरवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा डीएनएवर पुटिका मण्यांसारख्या चिकटत असाव्यात, असे मानले जात होते. १९९७ मध्ये सांता बार्बरा येथील योआकिम रेडलर, इल्या कोल्टोव्हर, टिम साल्डिट आणि सायरस साफिन्या यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने वेगळेच चित्र उघड केले. पुटिका उलगडून सपाट द्विस्तरांची चळत बनते आणि प्रत्येक दोन थरांमध्ये डीएनएच्या समांतर काड्या अडकतात. थरांची आवर्तनलांबी सुमारे ६.५ नॅनोमीटर असते. दोन काड्यांमधील अंतर मिश्रणातील उदासीन लिपिडच्या प्रमाणानुसार सुमारे २.५ पासून ५.७ नॅनोमीटरपर्यंत बदलते. पुढच्याच वर्षी असे आढळले की डोप हे शंकूच्या आकाराचे लिपिड मिसळल्यास चळतीऐवजी षट्कोनी जाळी बनते. या जाळीत प्रत्येक डीएनए काडीभोवती लिपिडची नळी असते.

मापनातील अडचणी

पुंजांचा आकार प्रकाशाच्या गतिक विकिरणाने, भाराचे चिन्ह विद्युत्-स्थलांतराने आणि अंतर्गत रचना क्ष-किरण विकिरणाने पाहिली जाते. झीटा विभव हा पृष्ठावरील भाराचा थेट आकडा नव्हे. कणाबरोबर सरकणाऱ्या पाण्याच्या थराच्या बाह्य सीमेवरील तो विभव आहे. शेपट्या व वेटोळी बाहेर सोडणाऱ्या साखळ्या ही सीमाच दूर ढकलतात, म्हणून जाड थराच्या बाबतीत त्याचा अर्थ जपून लावावा लागतो.

मिसळण्याचा क्रमही निकाल बदलतो. पुटिकांत बहुवारिक थेंबाथेंबाने घातल्यास प्रत्येक पुटिका उदासीनतेच्या टप्प्यातून जाते. बहुवारिकाच्या विपुल द्रावणात पुटिका एकदम ओतल्यास तो टप्पा क्षणात ओलांडला जातो आणि पुंज होण्यास वेळच मिळत नाही. अंतिम प्रमाण तेच असूनही दोन प्रयोगशाळांची मिश्रणे वेगळी दिसतात, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. प्रयोगाच्या वर्णनात कशात काय ओतले हे लिहिलेले नसेल, तर त्यातील आकडे पडताळून पाहणे अवघड होते.

पेशीतील उदाहरण

पेशीपटलाच्या आतल्या बाजूला फॉस्फॅटिडिलसेरीनसारखी ऋण लिपिडे असतात. मार्क्स नावाच्या प्रथिनात २५ अमिनो आम्लांचा एक पट्टा असून त्यांपैकी १३ धनभारित आहेत. हा पट्टा भारित बहुवारिकासारखा पटलाला चिकटतो आणि संदेशवहनात महत्त्वाचे असलेले, अनेक ऋणभार असणारे पीआयपी-२ हे लिपिड आपल्याखाली गोळा करून ठेवतो, असे स्टुअर्ट मॅक्लॉफ्लिन आणि सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले. या पट्ट्याला फॉस्फेट गट जोडले गेले की त्याचा निव्वळ धनभार घटतो, तो पटलापासून सुटतो आणि अडवलेले लिपिड पुन्हा उपलब्ध होते.

औषध व जनुकवहन

वाहकाचे काम परस्परविरोधी मागण्यांचे असते. वाटेत बहुवारिक घट्ट चिकटलेले राहावे आणि मुक्कामी पोहोचल्यावर ते सुटावे. बाहेर थोडा धनभार शिल्लक ठेवला तर संयुग ऋणभारित पेशीपटलाला सहज लागते. पण तेच संयुग रक्तात सोडल्यास रक्तातील ऋणभारित प्रथिने त्याला झाकतात, पुंज बनतात आणि ते फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकू शकतात. काचेच्या बशीतील पेशींवर उत्तम चाललेली अनेक संयुगे प्राण्यांच्या शरीरात निष्प्रभ ठरली, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. कायम धनभाराऐवजी केवळ आम्लधर्मी परिसरात भारित होणारी लिपिडे वापरण्याकडे नंतरच्या काळात जो कल झाला, तो या अनुभवातून. आरएनए लसींतील लिपिड नॅनोकणांत अशीच लिपिडे असतात. मात्र त्या कणांत आरएनए पृष्ठावर नव्हे, तर आत कोंडलेला असतो.

कायटोसानचा उपयोग वेगळ्या अंगाने होतो. ग्रेनोबल येथील मार्गरित रिनोदो, ब्रिजित पेपें-दोना आणि सहकाऱ्यांनी मोठ्या पुटिकांवर कायटोसान बसवून पाहिले. तेव्हा त्या पुटिका पीएच व लवणाचे अचानक बदल उघड्या पुटिकांपेक्षा चांगले सोसतात, असे दिसले. शिवाय धनभारित कायटोसान श्लेष्मल पटलांना चिकटून राहते. म्हणून नाक, डोळा व आतडे यांच्या वाटे औषध देण्यासाठी कायटोसानचे आवरण असलेल्या लायपोसोमांचा अभ्यास होतो.

सुटण्याच्या टप्प्याविषयी यूहोंग शू आणि फ्रान्सिस झोका यांनी १९९६ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण अद्याप मोठ्या प्रमाणावर स्वीकारले जाते. संयुग पेशीने गिळल्यावर एंडोसोम नावाच्या पिशवीत पोहोचते. त्या पिशवीच्या बाहेरच्या थरातील ऋणभारित लिपिडे उडी मारून आतील बाजूस येतात आणि धनभारित लिपिडांशी जोड्या बांधतात. डीएनएची जागा आता या लिपिडांनी घेतलेली असते आणि डीएनए पेशीद्रवात मोकळे होते. चाचणीनळीत हेपरिन घालूनही हेच घडवता येते. म्हणून संयुग किती घट्ट बांधले आहे हे मोजण्यासाठी हेपरिनचे वाढते प्रमाण देऊन डीएनए केव्हा सुटते ते पाहण्याची रीत प्रयोगशाळांत रूढ आहे.